सतरा दात्यांचा हट्ट

दर रविवारी सकाळी काटेवाला बायकोला मागे बसवून सासूबाईंकडे निघायचा, आणि दर रविवारी न्हाव्याच्या दुकानासमोर त्याची मोटरसायकल मान टाकायची. सासूबाईंचं घर चढाच्या अगदी टोकाला. चढही असा, की प्रत्येक दुकानाला खालच्या बाजूने तीन पायऱ्या आणि वरच्या बाजूने एकही नाही. गाडी खालून मोठ्या ऐटीत सुटायची, बेकरी ओलांडायची, कुलपांचं दुकान ओलांडायची, मग तिचा आवाज घोगरा व्हायचा आणि न्हाव्याच्या आरशात दिसेपर्यंत तिच्यात काही राम उरायचा नाही. तेव्हा काटेवाला मागे वळूनही न बघता एकच शब्द बोलायचा. "उतर."

बायको उतरायची. गाडीला हुशारी यायची. काटेवाला एकटाच भुर्रकन वर जायचा, आणि बायको पिशवी सावरत, धापा टाकत मागून पायी यायची.

सासूबाई खिडकीत बसलेल्या असायच्या. त्यांना दिसायचं ते असं: आधी जावई एकटा येतो, गाडी लावतो, आरशात बघून केस सारखे करतो, आणि बऱ्याच वेळाने लेक घामाघूम होऊन येते. आता कुठली आई यातून चांगला अर्थ काढेल?

चढावरच्या लोकांना मात्र हा रविवारचा कार्यक्रम अंगवळणी पडला होता. न्हाव्याने बघणाऱ्यांसाठी दुकानाबाहेर बाक टाकला. वाहतूक खात्याचा एक माणूस पाहणीला आला तो नेमका रविवारीच. इथे प्रवासी उतरतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि थोड्याच दिवसांत तिथे खांब रोवून पत्र्याची शेड उभी राहिली. बस काही आली नाही, कारण तो चढ बसलाही चढत नव्हता. पण काटेवाल्याच्या बायकोवरून 'काकूंचा थांबा' हे नाव पक्कं झालं, आणि एक म्हातारे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून रोज तिथे बसची वाट बघू लागले.

काटेवाल्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनाराच्या नाजूक काट्यापासून गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापर्यंत सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. माणूस कामात चोख, पण जगातली प्रत्येक अडचण ही मुळात वजनाची अडचण असते, हे त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की विचारू नका. दार नीट लागत नसेल तर तो दाराचं वजन करायचा. मेव्हण्याची नोकरी गेली तेव्हा सगळे त्याचं सांत्वन करत होते आणि हा त्याला काट्यावर उभं करत होता. गाडीचा हिशेबही त्याने असाच कधीकाळी मांडून टाकलेला. गाडी चढत नाही, म्हणजे वजन जास्त. वजन दोघांचं. त्यातला एक तर गाडी चालवतो. मग उरलं कोण? नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलीच ही गत, पण त्याला तो हिशेब इतका सरळ वाटायचा की पुन्हा तपासायची गरजच पडली नाही.

एका सोमवारी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, ऐका. आईने मागची खोली झाडून ठेवलीय."

"कुणी येणार आहे का?"

"मी." तिने उशीचा अभ्रा झटकला. "येत्या रविवारी मी तो चढ शेवटचा चढणार. गाडीवर बसून वर पोचले तर तुमच्याबरोबर खाली येईन. चालत पोचले तर येणार नाही. तिथेच राहीन."

काटेवाला हसला. बायको हसली नाही. तिने त्याचे शर्ट एका गठ्ठ्यात ठेवले आणि आपले कपडे दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि ते बघून काटेवाल्याचं हसू मावळलं. बायकोवर त्याचा जीव होता. तो तिला कधी उलट बोलला नव्हता, तिच्या हातची करपलेली भाजीसुद्धा गोड मानून खाल्ली होती. एका चढापायी संसार मोडतो, हे त्याच्या कुठल्याच मापात बसेना.

मंगळवारपासून त्याने गाडी सोलायला घेतली. आधी पुढचा दिवा काढला आणि वजन केलं. मग आरसे, भोंगा, पुढचं मडगार्ड. मग स्टँड. स्टँड काढल्यावर गाडी उभी करायची सोय राहिली नाही, म्हणून ती भिंतीला टेकवायची, आणि भिंत नसेल तिथे काटेवाल्याने स्वतः धरून उभं राहायचं. त्याने केस बारीक कापले, मिशी उतरवली, आणि दोन्हींचं वजन केलं. मिशी सोनाराच्या काट्यावर ठेवावी लागली. एवढं करून सगळी मिळून जेमतेम अकरा किलोंची बचत झाली.

आता चाचणी घ्यायची, तर मागे कुणाला बसवायचं? बायकोला विचारायचं धाडस नव्हतं. त्याने एका पोत्यात लोखंडी वजनं भरली, पोतं मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधलं, वरून बायकोची जुनी ओढणी गुंडाळली म्हणजे लोक प्रश्न विचारणार नाहीत, आणि तो चढाकडे निघाला. न्हाव्याच्या दुकानासमोर गाडीने मान टाकली. सवयीने तो म्हणाला, "उतर." पोतं उतरलं नाही. बाकावरच्या मंडळींना हसू आवरेना.

घरी परतला तर बायको दारातच. तिने पोत्याकडे नीट पाहिलं. "किती भरलंय यात?"

"सत्तर किलो."

"माझं वजन सत्तर आहे हे कुणी सांगितलं?"

"अंदाजे."

"अंदाजे!" ती म्हणाली. "चिमूटभर केशर तोलताना पंखा बंद करायला लावणारा माणूस, आणि मला अंदाजे?" मग तिने पोत्यावरची ओढणी सोडवून घेतली. "ठेवून घ्या हिलाच. बरी आहे, बोलत तरी नाही."

शेवटी नाक मुठीत धरून तो मित्राच्या गॅरेजमध्ये गेला. मित्राला सगळे भोंगा म्हणत. उभं आयुष्य इंजिनांमध्ये गेल्याने त्याला कमी ऐकू यायचं आणि तो साध्या गोष्टीही ओरडून सांगायचा, त्यामुळे त्याचा शहाणपणाचा सल्लासुद्धा लोकांना भांडण वाटायचा.

"वजनाचं खूळ सोड!" भोंगा ओरडला. "छोट्या इंजिनला जोर सगळीकडे नसतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या खाली ते झोपलेलं असतं. सात हजारांच्या वर नुसतं बोंबलतं, काम काही नाही. मधल्या पट्ट्यात काय ती त्याची मर्दुमकी. त्या पट्ट्याला म्हणतात पॉवरबँड!"

"म्हणजे?"

"माझा थोरला भाऊ बघ. सकाळी नऊच्या आधी त्याला काही सांगितलं तर ऐकू जात नाही. अकरानंतर सांगितलं तर अंगावर येतो. नऊ ते अकरा सोन्यासारखा माणूस! त्याचं लग्न दहा वाजता लावलं म्हणून लागलं!" त्याने हातातला पाना गाडीच्या चेनवर आपटला. "गिअर कशाला असतात? रस्ता कसाही असो, इंजिनला त्या पट्ट्यात ठेवायला. आणि तू पुढे लावलंयस सतरा दात्यांचं स्प्रॉकेट, हे चेन ओढणारं चक्र. मूळचं होतं चौदाचं. पुढचं चक्र मोठं म्हणजे इंजिनच्या एका फेरीत चाक जास्त ओढायचं. सपाटीवर ठीक. चढावर पहिल्या गिअरमध्येसुद्धा फेरे पाच हजारांच्या खाली येतात, आणि इंजिन झोपतं. ते तुझ्या बायकोमुळे झोपत नाही, तुझ्या सतरा दात्यांमुळे झोपतं!"

काटेवाल्याचा चेहरा उतरला. ते सतरा दाते त्याने लग्नाआधी हौसेने बसवले होते. त्यांच्या जिवावर एकदा गाडीचा काटा नव्वदला टेकला होता, आणि काट्यावरचा आकडा हा माणूस विसरणं शक्य नव्हतं.

"नव्वद गेलीय गाडी त्याच्यावर," तो पुटपुटला. भोंग्याला नेमकं तेवढं ऐकू आलं.

"उतार होता!"

"सपाट होता."

"उतार होता, मी मागे बसलो होतो! सपाटीवर टॉप गिअर टाकलास की काय होतं? वेग वाढतो की कमी होतो?"

टॉपमध्ये गाडी साठच्या पुढे जात नव्हती आणि त्याच्या खालच्या गिअरमध्ये सत्तर जायची, हे काटेवाल्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तोही त्याने वजनाचाच प्रकार धरला होता, तेव्हा मागे कुणी बसत नसतानाही.

भोंग्याने चौदा दात्यांचं स्प्रॉकेट त्याच्या हातावर ठेवलं. "एवढंच बसव. बाकी कशालाही हात लावू नकोस!"

आता हे ऐकायला काय हरकत होती? पण काटा दुरुस्त झाला की तो त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वजन ठेवून तपासायचा, ही काटेवाल्याची धंद्याची सवय. नेमकं पुरेल एवढ्यावर त्याचा विश्वासच नव्हता. चौदाने गाडी चढते, मग दहाने? आणि पुढचं लहान केल्याने जोर वाढतो तर मागचं मोठं केल्याने का वाढू नये? शनिवारी त्याने गोदामातल्या पोती उचलायच्या जुन्या यंत्राचं ताटाएवढं दातेरी चक्र आणलं, कापून-ठोकून मागच्या चाकाला बसवलं, आणि पुढे दहा दाते लावले. चेन पुरेना म्हणून दोन चेनी जोडल्या. गिअर बदलला की हिसक्याने ती जोडलेली चेन उडायची, तेव्हा पहिल्या गिअरमध्येच राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं. अंगणात क्लच सोडला तर गाडी पुढचं चाक वर करून उभी राहिली आणि कपड्यांची दोरी घेऊन खाली आली. त्याला गहिवरून आलं. एवढी ताकद त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

रविवारी बायको बाहेर आली ती मोठी पिशवी घेऊन. पिशवी सहा किलोंच्या घरात असावी हे त्याला नजरेनेच कळलं. आत काय असणार हेही कळलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वजनाबद्दल त्याने तोंड उघडलं नाही.

चढाच्या पायथ्याशी त्याने पहिला गिअर टाकला आणि इंजिनने किंचाळायला सुरुवात केली. फेरे बरोब्बर पट्ट्यात, जोर असा की घर ओढून नेईल, आणि वेग लगबगीने चालणाऱ्या माणसाएवढा. बेकरी आली. बराच वेळ बेकरीच चालू राहिली. बेकरीवाल्याने बाहेर येऊन काकूंची चौकशी केली, काकूंनी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि तो सोबत चालता चालता गप्पा मारून परत गेला. कुलपवाल्याची म्हातारी शेजारून पुढे निघून गेली. आवाज ऐकून काकूंच्या थांब्यावरचे गृहस्थ लगबगीने उठले, शर्ट सारखा केला आणि बससाठी हात दाखवू लागले.

"अहो, चढतेय!" बायको त्याच्या कानाशी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. ती तिच्या आईकडे राहायला निघाली होती खरी, पण तिला राहायचं नव्हतं, आणि हे त्या एका शब्दात काटेवाल्याला लख्ख कळलं.

न्हाव्याच्या दुकानाच्या अलीकडे चढ सगळ्यांत उभा. तिथे पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. खाली आलं. पुन्हा उचललं, आधीपेक्षा जास्त. दिवा, आरसे, भोंगा, मडगार्ड, सगळं त्याने पुढूनच काढलं होतं, आणि दोन माणसं, एक पिशवी आणि ताटाएवढं चक्र मागे होतं. जन्मभर दोन पारडी जुळवणाऱ्या माणसाला आपल्या गाडीलाही दोन पारडी असतात हे सुचलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला गाडी अशी उभी राहिली की बाकावरची मंडळीही उभी राहिली. काटेवाल्याने ब्रेक दाबला, क्लच धरला, दोन्ही पाय टेकवले. आणि इतक्या वर्षांची जीभ आपसूक वळली.

"उतर."

न्हाव्याची कात्री थांबली. बायको उतरली नाही.

"मी उतरले तर चालत वर जाईन," ती म्हणाली. "आणि चालत वर गेले तर खाली येणार नाही. ठरलंय आपलं." डोळ्यांत पाणी होतं, पण तिने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

काटेवाला तसाच उभा राहिला. मागे उतार, पुढे चढ, खाली धडधडणारं इंजिन. दोघांचं वजन गाडीला झेपत नाही. दोघांतलं एक कमी करायला हवं. हिशेब तोच होता, जुनाच. फक्त आज बायको पारड्यातून हलत नव्हती, म्हणून त्याला नाइलाजाने दुसऱ्या पारड्याकडे बघावं लागलं. रोज सकाळी दुकान उघडलं की तो मोठा काटा तपासायला स्वतः त्यावर उभा राहायचा. ब्याऐंशी किलो. हा आकडा त्याला तोंडपाठ होता. दोघांत जड तोच होता, आणि हे त्याला रोज सकाळी दिसत होतं.

त्याने टाकीवरून पाय काढला आणि तो उतरला.

स्टँड नसल्यामुळे गाडी सोडता येईना. दोन्ही हातांनी ती धरून तो म्हणाला, "पुढे सरक. जमेल?"

"लग्नाआधी या चढावर घरोघर पाव कोण पोचवायचं?" बायको म्हणाली आणि पुढे सरकली. ही गोष्ट त्याला माहीत होती. बेकरीचा काटा दुरुस्त करायला आला असताना त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं होतं ते मोपेडवरूनच, पावांच्या टोपल्या घेऊन चढ चढताना. लग्न झालं आणि ती मागे बसू लागली. का, ते कुणीच विचारलं नाही.

तिने पिशवी टाकीवर ठेवली, क्लच दाबला, मूठ पिळली, इंजिनचा आवाज बारीक आणि स्वच्छ होईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच क्लच सोडला. पुढचं चाक जमिनीला धरून राहिलं. गाडी निघाली.

आणि काटेवाला मागे राहिला नाही! पहिल्यांदाच असं झालं की एकजण गाडीवर, एकजण पायी, आणि दोघं शेजारी-शेजारी. त्या अचाट चक्राने गाडीचा वेग इतका घटवला होता की भराभर पाय उचलणाऱ्याला तिच्या बरोबरीने चालता येत होतं. फक्त इंजिन असं किंचाळत होतं की बोलायचं तर ओरडूनच.

"मी उतरलो तर गाडी चढते, हे तुला माहीत होतं?" तो ओरडला.

"पहिल्या रविवारपासून!" ती ओरडली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कधी सुचतंय ते बघत होते!"

हे साऱ्या चढाने ऐकलं. न्हावी, त्याचं अर्धं डोकं झालेलं गिऱ्हाईक, बससाठी अजून हात उंचावून उभे असलेले गृहस्थ, सगळ्यांनी. काटेवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याला लाज वाटली, खूप वाटली, आणि चढावर लाजेने पाय जड होतात. पण तो थांबला नाही.

"चुकलो!" तो ओरडला.

"काय?"

"चुकलो म्हणतोय!"

"आवाजात ऐकू येत नाही!" ती म्हणाली. तिला व्यवस्थित ऐकू आलं होतं. काटेवाल्याने ते आणखी दोनदा ओरडून सांगितलं.

वर खिडकीत सासूबाई कधीच्या उठून उभ्या होत्या. लेक गाडीवर, पुढे बसलेली, आणि शेजारून बिनमिशीचा, धापा टाकणारा, घामाने चिंब झालेला कुणी अनोळखी माणूस. गाडी दाराशी आली. लेकीने इंजिन बंद केलं आणि चढावर एकदम शांतता पसरली. सासूबाईंनी खिडकीतून वाकून खात्री करून घेतली.

"जावईबापू? तुम्ही पायी?"

काटेवाल्याने गाडी धरली होती. त्याला धड श्वास घेता येत नव्हता. बायको खाली उतरून त्याच्याकडे बघत उभी होती, आणि पिशवी अजून टाकीवरच होती.

"हो," तो म्हणाला. "मी उतरलो."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने पिशवीला हात लावला नाही.

"मग खोली उगाच झाडली मी," म्हणत सासूबाई दार उघडायला खाली आल्या.